उजव्या विचारांच्या माणसाने इंटरनेट कंपन्यांवर सरकारी नियम मागावेत का?

प्रश्न विचारणारा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, स्वतःला उजव्या विचारांचा म्हणवतो. मित्रांनी त्याला सुनावलंय की उजवा असशील तर कंपन्यांवर सरकारचा कुठलाच नियम नको, असंच तुला म्हणावं लागेल. जाता जाता त्याने हेही विचारलंय की बातम्या कुठल्या चॅनेलवर बघू. चॅनेलचं नंतर बघू. पहिला प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही, कारण हेच वाक्य माझा थोरला भाऊ मला पंचवीस-तीस वर्षं ऐकवत आलाय.

आमचं घर संघाचं. वडील आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, तुरुंगात होते. मी पहिलं मत दिलं तेव्हापासून एकाच बाजूला देतोय आणि पुढेही देईन. कर कमी असावेत, सरकारने दुकानं चालवू नयेत, माणसाच्या घरात आणि देवघरात सरकारने डोकावू नये, हे मला मनापासून पटतं. अण्णा, म्हणजे थोरला, एकटाच लाल झेंड्याचा निघाला. सरकारी दूरसंचारमध्ये केबल जॉइंटर होता. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून पाऊण लाखाहून जास्त लोक एका दिवसात स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, त्यातला तो एक.

आता २०२२ च्या पावसाळ्यातलं सांगतो.

मी कर सल्लागार आहे, काम घरातूनच. तळमजल्यावरचा फ्लॅट, मोबाइलला रेंज म्हणाल तर खिडकीच्या गजाला टेकवून धरला तर एक-दोन काड्या. महिन्याची १८ तारीख होती. २० ला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची मुदत आणि माझ्याकडे चाळीसेक क्लायंट बाकी. मुदत चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती क्लायंट माझ्याच बिलातून कापून घेणार. संध्याकाळी साडेसहाला नेट गेलं. डब्यावर एलओएसचा लाल दिवा उघडझाप करायला लागला. फायबर असलेल्या प्रत्येकाला तो दिवा माहीत असतो: डब्यापर्यंत उजेडच येत नाहीये.

आमच्या सोसायटीत डिश अँटेनाच्या काळापासून एकच केबलवाला. टीव्ही त्याचा, पुढे इंटरनेटही त्याचंच. आमच्या प्रभागातल्या माजी नगरसेवकांचा तो भाचा. दुसऱ्या कुणाची वायर बिल्डिंगमध्ये शिरू द्यायची नाही हे न लिहिता ठरलेलं. पाऊस आला की त्याचं नेट जायचं आणि फोन केला की "वरून प्रॉब्लेम आहे" एवढंच उत्तर. कंटाळून दोन महिन्यांपूर्वी मी एका दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली होती. चेअरमनने तोंड वाकडं केलं, पण लेखी नकार दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कंपनीचा पोरगा आला. गच्चीवरून डक्टमध्ये उतरलेली आमची वायर दुसऱ्या मजल्याशी तुटलेली. वॉचमन म्हणाला, उंदीर झालेत फार. त्या पोराने जिन्यातच बैठक मारली. वायर सोलली, केसासारखी काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, दोन्ही टोकं सरळ कापून मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर दोन करड्या रेघा समोरासमोर आल्या, एक ठिणगी, आणि दोनाची एक झाली. वर नळी चढवून तापवली, उजेड मोजायचं मीटर लावून म्हणाला, "काका, उणे एकवीस. मस्त आहे." डब्यावरचा लाल दिवा गेला. त्या रात्री दोनपर्यंत बसून मी रिटर्न भरले.

चार दिवसांनी पुन्हा तोच दिवा. पुन्हा तीच वायर, आधीच्या जोडापासून हातभर खाली. या वेळी तुटलेला तुकडा मी ठेवून घेतला. रविवारी अण्णा आला तेव्हा त्याच्यासमोर टाकला. चष्मा पुसून त्याने तो उजेडात धरला, टोकावरून नख फिरवलं. म्हणाला, "उंदीर कडेने कुरतडतो. वरचं प्लास्टिक खडबडीत होतं, आतले पिवळे धागे पिंजून बाहेर येतात. ही पक्कड आहे. एका दाबात तोडली आहे." हयात केबली जोडण्यात गेलेला माणूस, त्याला मी काय सांगणार.

मी त्या माजी नगरसेवकांकडे गेलो. महापालिकेवर तेव्हा प्रशासक होता, पण त्यांचं कार्यालय सुरूच, बाहेर पंधरा माणसं बसलेली. त्यांच्या प्रचाराला मी स्वतः घरोघर स्लिपा वाटल्या होत्या, म्हणून लगेच आत घेतलं, चहा सांगितला. मी तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "काका, पोरगा आपलाच आहे. तुम्ही आपल्या विचारांचे. आपल्याच पोराच्या पोटावर पाय देणार का?"

हे वाक्य मला आजही झोंबतं. विचार आपले म्हणजे वायर तोडणाराही आपला? ज्या विचारासाठी वडिलांनी तुरुंग सोसला, तो भाच्याच्या केबलच्या धंद्यावर छत्री धरायला होता का? चहा तसाच ठेवून मी उठलो.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला: सरकारी परवाना असलेली कुठलीही कंपनी सोसायटीच्या डक्टमधून वायर टाकू शकेल, सगळ्यांना नियम एकच, डक्टला कुलूप, किल्ली ऑफिसात, आणि कोण कधी वर गेलं त्याची वहीत नोंद. चेअरमन म्हणाले, भिंती खराब होतात. सेक्रेटरी म्हणाले, वाद नकोत. दोन तास गेले. शेवटी २३ विरुद्ध १४ ने ठराव झाला. त्यानंतर वायर एकदाही तुटली नाही. आणि त्याच केबलवाल्याने पुढच्या महिन्यात आपला ७९९ चा प्लॅन ५४९ ला आणला, तक्रार केली की तासाभरात माणूस पाठवू लागला. त्याला वाईट वागायची हौस नव्हती, चांगलं वागायची गरज नव्हती इतकंच.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर त्या कुलपात आहे. दार सगळ्यांना उघडं राहील एवढ्यासाठी लागतो तो नियम उजव्या माणसाने छातीठोकपणे मागावा. कोण काय विकेल, काय भावाने विकेल, कोण काय बोलेल, यात सरकारने पडू नये. या दोन प्रकारच्या नियमांत फरक करता येत नसेल तर तुझ्या मित्रांनी आधी तो करायला शिकावं.

हे मी नव्याने काही सांगत नाहीये. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट आलं ते एकट्या व्हीएसएनएल या सरकारी कंपनीकडून. दुसऱ्या कुणाला परवानगीच नव्हती. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं ते वाजपेयींच्या सरकारने, आणि १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठरलेल्या परवाना शुल्काच्या ओझ्याऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. कंपन्या तगल्या त्या त्यामुळे. घरात फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना याची किंमत वेगळी समजावायला नको.

२०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, लोकांची मतं मागवली, तेव्हा नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवायच्या, बाजूने दहा लाखांच्या आसपास ईमेल गेले. त्यात एक माझा, एक अण्णाचा. दोघांनी एका बाजूने सही केल्याचा आमच्या घरातला तो एकमेव प्रसंग. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला की कुठली वेबसाइट बघता त्यावरून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. मला तो नियम तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. रस्त्याचा टोल घेणाऱ्याने गाडीत कुठल्या दुकानाचा माल आहे ते बघू नये.

आता बातम्या. चॅनेल कुठलंच नको. माझ्या बाजूचं गुणगान करणारं तर मुळीच नको. आणीबाणीतल्या वर्तमानपत्रांबद्दल अडवाणी म्हणाले होते की यांना वाकायला सांगितलं तर हे रांगायला लागले. आमच्या घरात हे वाक्य वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आपल्या सरकारपुढे कुणी रांगताना दिसलं तरी मला तितकीच शिसारी येते. तेव्हा ताठ उभ्या राहिल्या त्या १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात लेखिका दुर्गाबाई भागवत, आणि त्या काही आमच्या शाखेतल्या नव्हत्या. वडील तरीही त्यांचं नाव आदरानेच घ्यायचे.

आरडाओरड्याचं खापर सगळे टीआरपीवर फोडतात. ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बातम्यांच्या चॅनेलचे टीआरपी आकडे बंदच होते. त्या काळात कुणाचा आवाज खाली आलेला मला तरी आठवत नाही. सवयच लागली आहे. मी सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ऐकतो, दहा मिनिटांत महाराष्ट्र कळतो. मग दोन पेपर: एक माझ्या मताचा, एक माझ्या विरुद्ध मताचा. २०२३ मध्ये पुण्याचा तो वृत्तविभाग हलवायचा घाट घातला गेला, तेव्हा मी आपल्याच सरकारला पत्र लिहिलं. ओरड झाली, निर्णयाला स्थगिती मिळाली, बरं झालं.

अण्णा इथे मला पकडणार हे माहीत आहे: "आकाशवाणी सरकारी, आणि तू ऐकतोस!" हो, ऐकतो. चांगलं काम करणाऱ्या सरकारी माणसाबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. अण्णा, पुरात गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून तू केबली जोडल्यास, ते मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो. माझं म्हणणं एवढंच होतं आणि आहे की तुझ्या खात्याला शेजारी मिळाला म्हणून लोकांना फोन मिळाले. तू त्या रविवारी तुकडा हातात घेऊन म्हणालास, "बघ, हा तुझा बाजार." अण्णा, तो बाजार नव्हता, जहागिरी होती. बाजार आला तो सभेतल्या ठरावानंतर, आणि बिल कमी झाल्याचं तूच मला फोन करून विचारलंस.

काही गोष्टी राहिल्या. १९९४ चं पहिलं दूरसंचार धोरण नरसिंह रावांच्या सरकारचं, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. सोसायटीची जागा खासगी असते, त्यामुळे सगळीकडे माझ्यासारखा ठराव होईलच असं नाही. आमच्याकडेही पाच मतं फिरली असती तर पडलाच होता. जिथे धंदा परवडत नाही म्हणून कुठलीच कंपनी जात नाही, अशा गावांत सरकारने वायर टाकावी, गावोगाव फायबर नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेला माझा विरोध नाही. आणि नेट बंद पडलं तर थेट ट्रायला पत्र लिहीत बसू नकोस, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार बघत नाही. आधी कंपनीकडे तक्रार कर, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घे, दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. नंबर लिहून ठेव, तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही.

वायरचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या वेळी ते माजी नगरसेवक मत मागायला दारात येतील तेव्हा चहा मी देईन आणि तुकडा त्यांच्यासमोर ठेवीन.