'फॅमिलियर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवून खेळायच्या काल्पनिक साहसखेळाचे नियम मराठीतून समजावताना जादूगाराच्या 'फॅमिलियर'ला, म्हणजे प्राण्याच्या रूपात त्याची चाकरी करणाऱ्या शक्तीला, काय म्हणावं? 'परिचित' कानाला खटकतं. 'पाळीव प्राणी' किंवा 'वेताळ' चालेल का?

'परिचित' खटकतं ते बरोबरच आहे. या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे 'फॅमुलस' म्हणजे चाकर आणि 'फॅमिलिया' म्हणजे चाकरमाणसांसकट सगळं घर. इंग्रजीत 'ओळखीचा' हा अर्थ त्यातूनच आला, पण जादूटोण्याच्या बोलण्यात चाकरीचा अर्थ टिकून राहिला. १५६६ साली इंग्लंडमधल्या चेल्म्सफर्डला अ‍ॅग्नेस वॉटरहाउसवर चेटकाचा खटला चालला, त्यात सैतानाचंच नाव दिलेल्या एका मांजराचा उल्लेख आहे. १६०४ च्या इंग्लिश कायद्याने तर दुष्ट शक्तीला कामाला लावणं, इतकंच काय, नुसतं खाऊ घालणंसुद्धा देहदंडाचा गुन्हा ठरवला. खेळातला फॅमिलियर या परंपरेतून आलेला आहे.

आता नियम बघा, कारण शब्द नियमाला बसला पाहिजे. २०१४ च्या नियमांनुसार जादूगार पितळी शेगडीत दहा सुवर्णमुद्रांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळून तासभर मंत्र चालवतो. समोर येतं ते घुबड, बेडूक, खेकडा किंवा डोमकावळा दिसतं. असतं मात्र दिव्य, परीलोकातलं किंवा नरकातलं. ते मेलं की मागे प्रेत उरत नाही आणि मंत्र पुन्हा चालवला की परत येतं. त्यामुळे 'पाळीव प्राणी' बाद. शिवाय रेंजरबरोबर, म्हणजे खेळातल्या रानावनात वावरणाऱ्या योद्ध्याबरोबर, फिरणारा लांडगा हाडामांसाचा असतो. 'सोबती' हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर दोन वेगळे नियम एकाच नावाखाली येतील आणि खेळताना वाद होतील.

'वेताळ' मला मनापासून आवडतो, पण इथे नको. वेताळपंचविशीतला वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालतो आणि राजा बोलला की झाडावर परत जातो. तो कुणाचा चाकर नाही. कोकण-गोव्यात तर तो ग्रामदैवत आहे, बेताळभाटी हे गावाचं नावच त्याचं. तिथल्याच देवचार या राखणदार शक्तीचंही तेच. तो गावाची राखण करतो, त्याला मान द्यायचा असतो, हुकूम सोडायचा नसतो. 'भूत' आणि 'आत्मा' म्हटलं की मेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून तेही टाळावेत.

माझं मत 'अंकित'ला. नियम सांगतो की फॅमिलियर आपली खेळी स्वतंत्रपणे खेळतो, पण आज्ञा मात्र नेहमी पाळतो. अंकित असणं म्हणजे हेच. व्याकरणातही शब्द सोयीचा आहे: अंकित घुबड, अंकित पाल, अंकित साप, लिंगाप्रमाणे रूप बदलत नाही. नाम म्हणूनही चालतो: "मी अंकिताच्या डोळ्यांनी बघते", "अंकिताला खिडकीतून आत पाठव", "स्पर्शाचा मंत्र अंकिताकरवी टाकते". त्याच्या डोळ्यांनी बघताना जादूगाराला स्वतःभोवतीचं काही दिसत-ऐकू येत नाही, हे नवख्यांना आधीच सांगा.

वॉरलॉकला, म्हणजे एखाद्या बलाढ्य शक्तीशी करार करून जादू मिळवणाऱ्या पात्राला, त्या करारातून मिळणारा इम्प (नरकातला छोटा सैतान) साध्या फॅमिलियरसारखा हल्ल्याला बंदी असलेला नसतो. तरी तोही हुकमाचाच, म्हणून त्यालाही 'अंकित' म्हणायला माझी हरकत नाही. 'इम्प' मात्र इम्पच ठेवा.