पुढच्या चाकाचं बेअरिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडी नव्वद हजार किलोमीटर चालली आहे. साठच्या पुढे गेलं की पुढून घूंऽऽ असा आवाज येतो. एक मेस्त्री म्हणतात टायर बदला, दुसरे म्हणतात बेअरिंग गेलं. कोणाचं ऐकू? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी स्वतःच्या कानांचं ऐका. गुळगुळीत डांबरावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जातच बदलली, तर संशय टायरवर घ्या. बेअरिंगला रस्ता कुठला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याचा आवाज फक्त वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. त्याच वेगात क्लच दाबून बघा. आवाज तसाच राहिला तर इंजिन संशयातून सुटलं.

मग एखादं लांब, मोकळं वळण गाठा. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. डाव्या वळणावर आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, उजव्या वळणावर वाढला तर डावं. ही खूण दर वेळी बरोबर निघेल असं नाही, म्हणून शेवटची खात्री जॅकवरच करा. गाडी स्टँडवर घेऊन चाक एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरताना स्प्रिंग शांत असते. खराब झालेलं असेल तर बोटांना बारीक खरखर लागते, जात्यात खडा आल्यासारखी. कानापेक्षा हे बोटांना आधी कळतं, असा माझा अनुभव आहे. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खटखट लागली तरी बेअरिंग बघा, पण एकदा कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावरही खटखट राहिली तर दोष बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे सस्पेन्शनच्या गोल सांध्यात, असू शकतो. डावी-उजवीकडे धरल्यावरच प्ले, म्हणजे ढिलेपणा, येत असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक, तपासा. पूर्ण वळवल्यावर कटकट वाजत असेल तर ते काम ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटचं.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी डाव्या बाजूचं बेअरिंग बदललं, चांगल्या कंपनीचं, बिलासकट. पुन्हा तोच आवाज सुरू झाला. माल डुप्लिकेट असेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : असू शकतो, बाजारात नकली माल आहेच. पण असं बेअरिंग हातात आलं की मी आधी बसवणाऱ्याचा हात बघतो.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाला दोन ओळी गोळ्यांचं बंद बेअरिंग असतं. गोळ्या ज्या दोन कड्यांमध्ये फिरतात त्यांना रेस म्हणतात. बाहेरची रेस नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या लोखंडी ठोकळ्यात, घट्ट दाबून बसवतात आणि ती सरकू नये म्हणून पुढे सर्कलिप ही स्प्रिंगसारखी कडी लावतात. मग आतल्या रेसमध्ये हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, दाबून घालतात. आता नियम बघा. बेअरिंग नकलमध्ये दाबताना प्रेसचा जोर फक्त बाहेरच्या रेसवर यायला हवा. हब घालताना आतल्या रेसला खालून टेकू हवा. हे उलटं झालं, तर प्रेसचा सगळा जोर एका रेसवरून दुसऱ्या रेसवर गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या पोलादात खळगे पाडतात. डोळ्यांनी ते बाहेरून दिसत नाही. चाक हाताने छान फिरतं. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दोन महिन्यांनी परत येतं.

आमच्याच गॅरेजमध्ये असं परत आलेलं एक बेअरिंग मी पोरांसमोर कापून दाखवलं होतं. आतल्या रेसच्या वाटेवर सारख्या अंतरावर फिकट ठिपके होते. त्यांतल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर बरोबर दोन गोळ्यांमधल्या अंतराइतकं. नखाची कड त्या वाटेवरून ओढली की दर ठिपक्याशी नख हलकंसं अडायचं. ते बसवणाऱ्या मुलाने स्वतःच नख फिरवून पाहिलं आणि तेव्हापासून त्याने प्रेसखाली योग्य मापाची रिंग ठेवल्याशिवाय दांडा ओढलेला नाही.

म्हणून तुमचं जुनं बेअरिंग मागून घ्या, फेकू देऊ नका, कापून बघा. पुढच्या वेळी मेस्त्रींना विचारा: प्रेस आहे का, की हातोड्याने बसवणार? हातोडा म्हणाले तर दुसरीकडे जा. जुना हब काढताना आतल्या रेसचा अर्धा भाग बहुतेकदा हबवरच अडकून येतो. तो पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने, काढायचा. छिन्नी मारून हबच्या दांड्यावर ओरखडा पाडला तर नवी रेस त्यावर नीट बसणार नाही. जुना हब झिजून सैल झाला असेल तर नवं बेअरिंग घालून पैसे वाया घालवू नका, हबही बदला.

प्रश्न : बेअरिंग बदलल्यापासून एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा जळतो आहे. गॅरेजवाले म्हणतात सेन्सर गेला. – एक वाचक, पणजी

उत्तर : सेन्सर घेण्याआधी थांबा. कित्येक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच बारीक चुंबकांचं वर्तुळ असतं आणि सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो. ही बाजू सेन्सरकडे, म्हणजे बहुधा गाडीच्या आतल्या अंगाला यावी लागते. बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला काहीच दिसत नाही. दोन्ही बाजू दिसायला सारख्या असल्याने घाईत ही चूक होते. बसवण्याआधी साधी टाचणी जवळ नेली की चुंबकाची बाजू ओळखू येते. ती बाजू लोखंडाच्या किसात ठेवू नका, तिच्यावर काही आपटू देऊ नका. तुमचं बेअरिंग उलटं निघालं तर काढून तेच पुन्हा बसवू देऊ नका. काढताना जोर गोळ्यांवर येतोच. नवंच लागेल.

प्रश्न : ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट गनने (हवेवर किंवा विजेवर चालणाऱ्या पान्याने) घट्ट मारला तर बिघडतं काय? आणि जुनाच नट पुन्हा वापरला तर? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : या नटाकडे लोक चाकाचा नट समजून बघतात, तिथेच चुकतं. आतली रेस दोन तुकड्यांची असते. नट आवळला की ते दोन तुकडे एकमेकांना भिडतात आणि गोळ्यांना नेमकी जागा मिळते. म्हणजे बेअरिंग कंपनीत बनून आलं तरी ते पुरं होतं या नटाने. नट ढिला राहिला तर तुकडे सरकतात, गोळ्या खेळायला लागतात आणि बेअरिंग खराब होतं. गन किती जोर लावते हे कोणालाच कळत नाही, कधी कमी, कधी जास्त. बहुतेक गाड्यांत हा जोर 150 ते 300 न्यूटन-मीटरच्या दरम्यान कुठेतरी असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा आणि शेवटचा आवळा टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, द्या.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. चाक हवेत असताना, कोणाला तरी ब्रेक दाबायला लावून नट पुरता आवळा आणि मगच गाडी जमिनीवर टेकवा. नट ढिला असताना गाडीचं वजन चाकावर आलं किंवा गाडी नुसती ढकलून बाजूला घेतली, तरी नवं कोरं बेअरिंग तिथल्या तिथे खराब होऊ शकतं.

नट सुटू नये म्हणून दोन तऱ्हा नेहमी दिसतात. काही नटांची पातळ कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवतात. असा नट एकदा उघडला की टाकून द्यायचा. नव्याची कड बोथट छिन्नीने खाचेत नीट दाबायची, फाडायची नाही. दुसरा कॅसल नट, म्हणजे वर खाचा असलेला, त्यातून स्प्लिट पिन, म्हणजे टोकं वाकवायची दुहेरी तार, जाते. तिथे नट पुन्हा चालतो, पिन मात्र नवीच हवी. जुनी पिन सरळ करून परत घालणं म्हणजे आठ-दहा रुपयांसाठी चाक पणाला लावणं आहे.

प्रश्न : एका बाजूचं गेलं तर दोन्ही बदलावीत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ही ब्रेक पॅडची जोडी नव्हे. जे वाजतं तेच बदला. पण गाडी तुंबलेल्या पाण्यात बराच वेळ अडकली असेल तर दुसऱ्या बाजूवर लक्ष ठेवा. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

प्रश्न : वडिलांची जुनी विलीज धाटणीची जीप आहे. पुढची बेअरिंग घरीच ग्रीस करून बसवायची आहेत. किती घट्ट करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अवश्य करा. वरचं सगळं इथे विसरा, कारण हे काम उलट्या स्वभावाचं आहे. इथे तिरप्या रोलरची दोन सुटी बेअरिंग असतात आणि ती करकचून आवळली तर तापून जळतात.

बेअरिंग रॉकेलने धुवा आणि वाळू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, रोलर सुटून डोळ्यांत जाऊ शकतात. रोलर किंवा बाहेरचा कप यांपैकी एकावर जरी खड्डा दिसला तरी दोन्ही जोडीने बदला. तळहातावर लाडवाएवढं ग्रीस घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, वरच्या अरुंद कडेतून रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. यात पंधरा मिनिटं जातील, जाऊ द्या. जुन्या ग्रीसवर नवं चढवू नका.

बसवताना चाक सतत फिरवत आतला नट आवळा, चाक जड होईपर्यंत. त्यामुळे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरायला हवं, पण वर-खाली हलवल्यावर खटखट जाणवता कामा नये. जड वाटलं तर आणखी किंचित मागे घ्या. आता लॉक वॉशर, त्यावर बाहेरचा नट घट्ट, आणि वॉशरच्या कडा नटाच्या सपाट बाजूंवर वाकवा. बाहेरचा नट आवळताना आतला सोबत फिरतो कधी कधी, म्हणून शेवटी चाक पुन्हा एकदा फिरवून आणि हलवून बघा.

वीसेक किलोमीटर फिरून आल्यावर हबवर हात ठेवा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेवता येत नसेल आणि ब्रेकही चिकटत नसेल, तर नट घट्ट राहिला आहे, वॉशर उघडून पुन्हा लावा.