गुळाचा चहा सांडलेला कीबोर्ड: आधी पाणी, मग स्पिरिट

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: बटणं सकाळी जास्त अडकतात आणि दुपारी जरा मोकळी होतात. बाकीची हकीकत अशी, की गेल्या आठवड्यात गुळाचा चहा कीबोर्डच्या डाव्या बाजूवर सांडला, तुम्ही फडक्याने टिपून घेतला, कुणीतरी सुचवलं म्हणून मेडिकलमधून स्पिरिट आणून कापसाने फिरवलं, दोन दिवस बरं चाललं. आता काना आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) यांची बटणं चिकटतात, स्पेसबार खाली गेला की वर यायला रेंगाळतो. कीबोर्ड साधा, यूएसबीचा. काम इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीतलं, आणि सोमवारी द्यायचंय.

कीबोर्ड टाकून देऊ नका. रत्नागिरीत माझे टायपिंगचे वर्ग आहेत, बावीस वर्षं झाली. चहा, कोकम सरबत, उसाचा रस, एकदा तर आख्खी वाटी सोलकढी, असं सगळं मुलांनी कीबोर्डवर सांडलंय. त्यातले बहुतेक कीबोर्ड धुऊन परत टेबलावर आले.

आधी तो सकाळ-दुपारचा फरक. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, साखरेपेक्षा कितीतरी जास्त. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या गुळाला कसं पाणी सुटतं ते तुम्हाला माहीत आहेच. रात्रभराच्या दमट हवेत बटणाखालचा गुळाचा थर ओला होतो आणि गोंदासारखा धरतो. दुपारपर्यंत पंख्याने नि उन्हाने तो थोडा सुकतो. याचा सरळ अर्थ असा, की तुमच्या कीबोर्डात गूळ अजून जसाच्या तसा आहे. स्पिरिटने तो निघालाच नाही.

निघणारही नव्हता. जो तो "आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा" (तेही एक स्पिरिटच) एवढं सांगून मोकळा होतो, पण साखर आणि गूळ स्पिरिटमध्ये विरघळत नाहीत. खात्री करायची असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल वाटीत घ्या, चिमूटभर साखर टाका आणि ढवळा. दाणे तळाशी तसेच बसून राहतात. साध्या पाण्याचं उलट आहे. घरातल्या तापमानाला १०० मिली पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळते, पाक करणाऱ्या हाताला हे सांगायला नको. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये थोडंफार पाणी असतं. त्या पाण्याने तुमचा गूळ जरा सैल झाला, पसरला, बटणाच्या फटीत आणखी खोल गेला आणि स्पिरिट उडून गेल्यावर तिथेच वाळला. ते दोन दिवस त्यामुळे बरे गेले. हा प्रकार मी स्वतः उसाच्या रसावर करून पाहिलाय. तीनदा स्पिरिट मारलं आणि तिन्ही वेळा बटणं पुन्हा धरली. शेवटी कीबोर्ड उघडून पाण्याने धुतला तेव्हा कुठे सुटला.

म्हणून क्रम असा ठेवा: गुळाला पाणी, दुधाच्या तुपकटपणाला भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब, आणि शेवटी राहिलेलं पाणी हटवायला स्पिरिट. स्पिरिटचं खरं काम तेवढंच. ते पाण्यात मिसळतं आणि त्याला घेऊन लवकर उडतं.

आता तुमच्या कीबोर्डात नक्की काय बिघडलंय ते ओळखू. इनस्क्रिप्टमध्ये स्वरांच्या खुणा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. काना इंग्रजी ईच्या बटणावर, हलन्त डीवर, पहिली वेलांटी एफवर. चहा डावीकडे सांडला, म्हणून क, प, र, त नीट उमटतात आणि जोडाक्षर आलं की गाडी अडते. इंग्रजी टाइप करणाऱ्याला एवढ्या चहाने दोन-तीन बटणांचा त्रास झाला असता. मराठीत प्रत्येक शब्द अडतो. तुमची चिडचिड मला समजते.

तीन वेगवेगळे बिघाड लोक एकाच नावाने सांगतात. बटण दाबल्यावर सावकाश वर येत असेल, तर चिकटपणा बटणाच्या दांडीला आणि ती ज्या खोबणीत सरकते तिला आहे. बटणाला हात न लावता आपोआप काने उमटत असतील, तर ओल आत मेम्ब्रेनच्या, म्हणजे बटणांखालच्या पातळ प्लास्टिकच्या, पापुद्र्यांत शिरली आहे. आणि एकमेकांपासून लांबची चार-पाच बटणं एकदम मुकी झाली असतील, तर आतली एखादी रेघ तुटली आहे. कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. एक रेघ गेली की तिच्यावरची सगळी बटणं जातात. तुमचा बिघाड पहिल्या प्रकारचा आहे, तिघांतला सगळ्यात सोपा. तरी गूळ आत उतरला असण्याची शक्यता धरूनच चला आणि पूर्ण उघडा. वरवर पुसण्याचा प्रयोग एकदा करून झालाच आहे.

सामान फार लागत नाही. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना "डिस्टिल्ड वॉटर" असंच मागा आणि लेबल वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही विकतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी शेवटच्या धुण्याला नको, त्यातले क्षार वाळून पांढरे डाग धरतात. शेवटच्या हाताचं स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपिल, ते ९९ टक्क्यांचं घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, आणि तालुक्याच्या गावात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं. तो थोडंसं काढून देईल. मऊ ब्रश, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुनं एटीएम कार्ड, बस.

केबल काढा. तुमची यूएसबी आहे, ती चालू मशीनवरही काढता येते. जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड असेल तर आधी मशीन बंद करावं. मोबाइलने कीबोर्डचा वरून फोटो काढून ठेवा, बटणांच्या वरच्या, अक्षरं छापलेल्या टोप्या उलट-सुलट बसवल्या की फार वेळ जातो. टोप्या काढायला पेपरक्लिपच्या तारेचे दोन आकडे करा, समोरासमोरच्या दोन कडांखाली घाला आणि सरळ वर ओढा. एका बाजूने सुरीने उचकटलं तर दांडी मोडते. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टला खाली लोखंडी तार असते. ती कुठल्या हुकात अडकली आहे ते नीट बघून, त्याचाही फोटो घेऊन मग सोडवा.

टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. कोमट म्हणजे हाताला सुखाचं. कढत पाण्याने दुधातली प्रथिनं उलट घट्ट धरतात. तुमच्या टोप्यांवर मराठीचे स्टिकर असतील तर त्या भिजवू नका. ओल्या फडक्याने हातात धरून आतूनच पुसा, नाहीतर स्टिकरचा गोंद सुटून सगळी मुळाक्षरं पाण्यावर तरंगतील.

आता खोका. कीबोर्ड पालथा ठेवून मागचे स्क्रू काढा. सगळे काढूनही उघडत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू कागदी लेबलखाली किंवा रबरी पायाखाली लपलेला असतो, लेबलवर बोट फिरवलं की खड्डा जाणवतो. मग एटीएम कार्ड फटीत घालून कडेचे चाप एकेक सोडवा. पालथाच उघडायचा, कारण काही कीबोर्डांत रबराचे छोटे घुमट सुटे असतात आणि उलटं उघडलं की घरभर पसरतात. बहुतेकांत ते एकाच शीटवर असतात, तुमच्याही असावेत. त्या शीटशेजारी तुम्हाला पारदर्शक प्लास्टिकचे तीन पापुद्रे दिसतील. दोहोंवर चंदेरी रेघा आणि मध्ये भोकं पाडलेला तिसरा. वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकला की अक्षर उमटतं. एवढीच सगळी करामत.

या पापुद्र्यांवर जास्तीत जास्त वेळ द्या. रेघांची टोकं एका छोट्या सर्किटवर पट्टीने दाबून बसवलेली असतात. पट्टीचे स्क्रू काढा आणि सर्किट बाजूला कोरड्या जागी ठेवा. त्याला पाणी लावायचं नाही. पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडा. ते काही ठिकाणी एकमेकांना चिकटवलेले असतात, तिथे ओढू नका. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कापसाने गुळाचा डाग विरघळेपर्यंत हलके टिपत राहा. घासायचं नाही. त्या रेघा म्हणजे छापलेली शाई आहे, घासलं की निघते, आणि स्पिरिट लावून घासलं तर आणखी लवकर. डाग गेला की कापसाने स्पिरिट एकदाच टेकवा.

रबराची शीट आणि प्लास्टिकचा खोका नळाखाली साबणाने बिनधास्त धुवा. खोक्यातल्या प्रत्येक खोबणीत ब्रश फिरवा, ई, डी, एफ आणि स्पेसबारच्या खोबणीत दोनदा. तुमचा खरा त्रास तिथेच बसलाय. तिथे मुंग्या सापडल्या तर दचकू नका, गोड आत आहे हे त्यांना आधी कळतं. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा.

वाळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि घाई इथेच होते. आमच्याकडे आषाढात धुतलेला कीबोर्ड मी तीन दिवस पंख्याखाली सुटा ठेवतो. घाटावर, कोरड्या हवेत एक दिवस पुरतो. पापुद्रे एकमेकांवर ठेवून वाळवू नका. दोन प्लास्टिकांच्या मध्ये पाणी धरून बसतं आणि बाहेरून सगळं कोरडं वाटतं. ते सुटे उभे ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, पातळ प्लास्टिक वाकतं. तांदळाच्या डब्यात पुरण्याने काही साधत नाही, पिठूळ धूळ मात्र आत जाते.

बटण घसरत राहावं म्हणून खोबरेल तेल घालायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. घालू नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात बाटलीत गोठतं तसंच खोबणीत गोठेल आणि बटण पुन्हा अडकेल. शिलाई मशीनच्या तेलाने धूळ धरते आणि रबर फुगतं. स्पेसबारची तार कोरडी वाजत असेल तर तिच्या हुकांना टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन ग्रीस लावा, दुसरीकडे कुठेही नाही. सॅनिटायझरही स्पिरिटच्या जागी चालत नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे चिकट राहतं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन आणि रंगाचं थिनर यांनी टोपीचं प्लास्टिकच विरघळतं.

हे सगळं तुमच्यासारख्या सुट्या कीबोर्डसाठी. लॅपटॉपवर सांडलं असतं तर मी वेगळंच लिहिलं असतं. तिथे कीबोर्डाच्या खाली थेट मदरबोर्ड असतो. पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं, चार्जर काढायचा, तंबूसारखं पालथं ठेवायचं आणि "चालू होतंय का बघू" हा मोह आवरायचा. बंद दिसणाऱ्या मशीनमध्येही बॅटरीचा वीजप्रवाह असतो, आणि ओलाव्यात वीज खेळली की तांब्याच्या रेघा काही तासांत हिरव्या पडू लागतात. बॅटरी सोडवता येत नसेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं. बऱ्याच लॅपटॉपांचे कीबोर्ड प्लास्टिकच्या खिळ्यांनी कायमचे बसवलेले असतात, ते धुवायचे नसतात, बदलायचे असतात.

सोमवारच्या कामाचं. वाळवण्यात दोन-तीन दिवस जाणार, तोवर शेजारून कीबोर्ड मागून आणा. नाहीच मिळाला तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. भाषा मराठी केली की त्यावर इनस्क्रिप्टची अक्षरं दिसतात. उजव्या हाताची व्यंजनं तुमच्या कीबोर्डावर आणि काना, हलन्त माऊसने, असं वेळ मारून नेता येतं. तसं करायचं असेल तर धुणं सोमवारनंतर काढा. गूळ चार दिवस आणखी राहिला तरी पाण्याने सुटेलच.

परत जोडताना सर्किटवरच्या पट्टीचे स्क्रू सारखे आवळा. एक बाजू सैल राहिली की आख्ख्या ओळी मुक्या होतात आणि माणूस धुण्याला दोष देतो. खोका बंद करण्याआधी केबल लावून, पापुद्र्यांवर रबर ठेवून प्रत्येक घुमट बोटाने दाबून पाहा. सगळी अक्षरं उमटली की मग टोप्या. स्पेसबार शेवटी बसवा आणि मधोमध न दाबता डाव्या टोकाला, मग उजव्या टोकाला दाबा. दोन्हीकडून सारखा वर आला तर तार हुकात नीट बसली आहे. मग "स्त्रीरोगतज्ज्ञ" हा शब्द सलग वीस वेळा टाइप करा. त्यात चार हलन्त आहेत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, पुन्हा वीस वेळा. सकाळीही हलन्त अडकला नाही, तर गूळ गेला. अडकलाच तर कुठलं बटण ते कळवा, त्याच्या खोबणीचा फोटोही पाठवा. मी बघतो.