दुकानाच्या वेळा ठरव

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हातछपाईचे कुर्ते आणि ओढण्या ऑनलाइन विकण्याचा तुझा व्यवसाय बरा चालला आहे, ऑर्डर नियमित येत आहेत, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत तू कामातच असतेस आणि तरीही गेल्या कित्येक महिन्यांत एकही नवे डिझाइन पुरे झालेले नाही, असे तू लिहिले आहेस. एकाग्रता वाढावी म्हणून पहाटे चारला उठावे का, एखादे ॲप घ्यावे का, असेही तू विचारतेस. माझ्या मते या दोन्हींची तुला गरज नाही. तुझ्या एकाग्रतेत काही बिघडलेले नसून तुझ्या दुकानाला वेळा नाहीत, ही खरी अडचण आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराला शटर असते. ते खाली ओढले की गिऱ्हाईक काय ते समजते आणि दुकानदार आत बसून माल लावतो, हिशेब लिहितो, स्वस्थपणे जेवतो. तुझ्याकडे मात्र रात्री साडेअकरालाही ‘ताई, हा एक्सएलमध्ये मिळेल का?’ असा मेसेज येतो आणि उत्तर दिले नाही तर गिऱ्हाईक हातचे जाईल या धास्तीने तू अंथरुणातून उत्तर देतेस.

वेळा ठरवण्याआधी एक आठवडाभर साध्या वहीत नोंद ठेव. दर अर्ध्या तासाला एकच ओळ लिही, त्या अर्ध्या तासात प्रत्यक्षात काय झाले एवढीच. काय करायचे होते ते लिहू नकोस. त्याच वहीच्या मागच्या पानांवर गिऱ्हाइकांचा प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेव. आठवड्याच्या शेवटी ही मागची पाने वाचलीस म्हणजे दिसेल की बहुतेक प्रश्न फिरून फिरून तेच येतात: छाती किती, उंची किती, रंग जातो का, कॅश ऑन डिलिव्हरी आहे का, पार्सल कुठवर आले, पुण्यात प्रत्यक्ष बघायला कुठे मिळेल. तू दिवसभर हीच उत्तरे नव्याने टाइप करत असतेस आणि त्यालाच ग्राहकसेवा समजतेस. तुझी तळमळ खरी आहे, परंतु ती चुकीच्या जागी खर्च होते आहे, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर वस्तूच्या पानावरच मिळायला हवे तो प्रश्न तुझ्यापर्यंत पोचतो, याचा अर्थ ते पान अपुरे आहे.

आमच्या वह्यांच्या व्यवसायातले एक उदाहरण देतो. हाताने शिवलेल्या वह्या आम्ही ऑनलाइन विकायला घेतल्या तेव्हा कागद ९० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाचा, आहे असे पानावर स्पष्ट लिहिलेले होते. तरीही शाई मागे फुटते का, हा प्रश्न रोज येत असे, कारण जीएसएम म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी त्यांना स्वतःच्या पेनाची काळजी असते. मग आम्ही शाईच्या पेनाने एक पूर्ण पान लिहिले, ते उलटले आणि मागच्या बाजूचे छायाचित्र खिडकीच्या उजेडात काढून पानावर दुसऱ्या क्रमांकाला लावले. तो प्रश्न जवळजवळ थांबला. तुझ्या कुर्त्याच्या बाबतीतही हेच करता येईल. कुर्ता जमिनीवर सपाट पसरून, छातीवर आडवी टेप लावलेले, आकडा वाचता येईल असे छायाचित्र दे. बाही आणि उंची यांचीही तशीच छायाचित्रे दे. छपाईचा रंग पहिल्या दोन धुण्यांत थोडा उतरत असेल तर तसे स्वच्छ लिही आणि कपडा वेगळा धुवावा हेही लिही. असे प्रामाणिक वाक्य वाचून एखादे गिऱ्हाईक जाईलही, पण तेच पुढे परतीचे पार्सल होऊन येणारे असते.

पाने सुधारल्यावरही मेसेज येतच राहतील आणि ते यायलाच हवेत, कारण आपल्याकडे लोकांना खरेदीआधी दोन शब्द बोलावेसे वाटतात. त्यासाठी दिवसातले दोन वेळ नेमून दे, सकाळी उशिरा एक तास आणि संध्याकाळी एक तास. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा नोंदवता येतात आणि त्या वेळांबाहेर आपोआप जाणारा निरोपही ठरवता येतो. त्या निरोपात ‘लवकरच कळवू’ असे मोघम लिहू नकोस. ‘आपल्या मेसेजला आज संध्याकाळी सहा ते सात या वेळेत उत्तर मिळेल’ असे नेमके लिही आणि तो शब्द पाळ. माणसे उशिरापेक्षा अनिश्चिततेने अधिक अस्वस्थ होतात. वारंवार लागणारी उत्तरे त्याच ॲपमध्ये क्विक रिप्लाय, म्हणजे तयार उत्तरे, म्हणून साठवून ठेव आणि लेबले लावून नवी चौकशी, पैसे आलेले, पार्सल गेलेले असे गट कर. तक्रारीला चार मिनिटांत उत्तर दिले नाही तर अनर्थ होईल असे तुला वाटते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्येसुद्धा तक्रारीची पोच देण्यासाठी ४८ तास आणि निवारणासाठी एक महिना दिलेला आहे. ती सवलत पुरेपूर वापर असे मी सुचवत नाही. दिवसातून दोनदा उत्तर देणारी दुकानदार कोणाच्याही दृष्टीने बेफिकीर ठरत नाही, एवढेच मला तुझ्या मनावर ठसवायचे आहे.

पैशांचेही असेच आहे. तू क्यूआर पाठवतेस, गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरून स्क्रीनशॉट पाठवते, मग तू बँकेचे ॲप उघडून रक्कम आली का ते पाहतेस आणि ते ॲप बंद करताना आणखी तीन ठिकाणी डोकावतेस. स्क्रीनशॉट खोटा असू शकतो, त्यामुळे ही तपासणी टाळता येणार नाही, परंतु वेबसाइटवर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, जोडलास तर कोणत्या ऑर्डरचे पैसे आले हे आपोआप जुळेल. गेटवेवाले कापून घेतात ते शुल्क तुला खटकते, हे मला माहीत आहे. त्या शुल्कासमोर तुझ्या सकाळच्या दीड तासाची किंमत मांडून पाहा.

आता दिवसाच्या मांडणीविषयी सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथेच आहे. तुझ्या दिवसात तुझ्या हाती नसलेली वेळ एकच आहे, ती म्हणजे कुरिअरचा माणूस पार्सले न्यायला येतो ती. दिवस तिथून उलटा मांड. पिकअप चारला असेल तर पॅकिंग अडीचला सुरू व्हावे, त्यासाठी दुपारी बारानंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी निघेल असा नियम असावा आणि तो वेबसाइटवर ठळक दिसावा. पॅकिंग करताना एकेक पार्सल आरंभापासून शेवटापर्यंत करत बसू नकोस. आधी सगळी लेबले छापून टेबलावर ओळीने मांड, मग कपाटातून माल काढून प्रत्येक लेबलावर त्याचा कपडा ठेव, मग फिरून एकदा फक्त साइझ आणि रंग वाचत जा, आणि त्यानंतरच पिशव्या व टेप हातात घे. लेबल आणि माल यांची अदलाबदल झाली की दोन गिऱ्हाइके नाराज होतात आणि येण्याजाण्याचा कुरिअरचा खर्च अंगावर पडतो. त्या एका घोटाळ्याचे निवारण करण्यात जाणारी दुपार हीच तर तुझ्या डिझाइनची दुपार असते.

पिकअपपासून मागे येत आलीस की सकाळ मोकळी सापडते. आठ ते साडेदहा हा वेळ डिझाइनचा. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, कारण तुझ्या बाबतीत तोच फोन गल्ला, दुकानाची काच आणि करमणूक असे तिन्ही आहे, आणि गल्ल्यासाठी उचललेला फोन हातात धरून माणूस करमणुकीत कधी शिरतो ते त्यालाही कळत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यावर आपले काही लक्ष पहिल्याच कामात अडकून राहते आणि दुसरे काम त्यामुळे कच्चे होते. बुट्ट्याची रेघ काढता काढता ‘पार्सल कुठे आहे?’ हा मेसेज पाहिलास तर खर्च त्या मेसेजच्या अर्ध्या मिनिटापुरता राहत नाही. परत आल्यावर रेघेकडे बघत असतानाही मन पार्सलच्या मागेच असते. त्याच संशोधिकेने पुढे थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधा उपाय तपासला: काम सोडावे लागलेच तर आपण कुठे आहोत आणि परतल्यावर आधी काय करायचे हे थोडक्यात लिहून मगच उठावे, म्हणजे मन मोकळे होऊन पुढच्या कामाला लागते. तू कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिही, ‘काठ झाला, बुट्टा दीड इंचाने लहान करून पाहायचा.’ दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर हात चालू लागेल.

घरातून काम करणाऱ्या मुलीला आणखी एक अडचण असते आणि ती तू पत्रात दबक्या आवाजात लिहिली आहेस. घरात आहेस म्हणजे मोकळी आहेस, असे सगळे गृहीत धरतात. दाराची बेल, गॅसचा सिलिंडर, आलेल्या पाहुण्यांचा चहा हे सगळे तुझ्याकडे येते आणि भाऊ कार्यालयात गेलेला असल्याने त्याच्याकडे जात नाही. हे अन्यायाचे आहे आणि मनात कुढत राहून ते सुटणार नाही. आईजवळ बसून स्पष्टपणे सांग की आठ ते साडेदहा मी घरात असूनही घरात नाही, आणि संध्याकाळी सातनंतर मी कामात नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पाळलास तरच पहिल्याला मान मिळेल. एवढे करूनही जमत नसेल तर आपल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी ज्या अभ्यासिका आहेत, त्यांपैकी एखादीत महिन्याची जागा घेऊन पाहा. स्केचबुक आणि पेन्सिली घेऊन तिथे बसलेल्या माणसाला कोणी हटकत नाही, आणि आजूबाजूला शंभर माना पुस्तकात घातलेल्या असताना आपलीही मान वर होत नाही.

इन्स्टाग्रामविषयी थोडक्यात. रील्स आठवड्यातून एका बैठकीत चित्रित कर आणि तारखा लावून ठेव. व्यावसायिक खात्याला तशी सोय आहे. किती जणांनी पाहिले हे आठवड्यातून एकदाच बघ.

पुण्यात बऱ्याच भागांत महावितरण देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवते. ज्या गुरुवारी तुमच्याकडे वीज जाणार असेल त्या दिवशी कुढत बसण्यापेक्षा कपाटातला माल मोज, वहीत पुढच्या आठवड्याची आखणी कर आणि खरेदीच्या पावत्या लावून ठेव. दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या तपशिलासाठी, ११ आणि जीएसटीआर-३बी साठी, म्हणजे कराच्या एकत्रित हिशेबासाठी, २० तारीख असते. तू मार्केटप्लेसवरही, म्हणजे अनेकांचा माल विकणाऱ्या साइटवरही, विकतेस, तेव्हा ते तुझ्या विक्रीच्या रकमेतून आधीच कापून सरकारकडे भरतात तो टीसीएस नावाचा करही जुळवावा लागतो, जो १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला आहे. या गोष्टी दर आठवड्याला थोड्या थोड्या केल्या तर अंगाला लागत नाहीत. दहा तारखेच्या रात्रीपर्यंत साठवल्या तर आधीचे चार दिवस त्या डोक्यात घोळत राहतात आणि डिझाइनच्या वहीसमोर बसूनही तू खरे तर जीएसटीसमोरच बसलेली असतेस.

मदतनीस ठेवण्याबाबत तू विचारलेस. जरूर ठेव, पण पहिला माणूस पॅकिंगला घे. मेसेजची उत्तरे काही काळ तूच दे, कारण लोकांना काय हवे आहे हे तुला तिथेच कळते. पॅकिंगची वर सांगितलेली पद्धत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवलीस तर शेजारची एखादी ताई दुपारचे दोन तास येऊन ते काम तुझ्याइतकेच नीट करील.

शेवटी वर्षाचा विचार कर. प्रत्येक महिन्यात सगळीच कामे सारख्या जोमाने होत नाहीत. आषाढात मागणी मंद असते आणि दमट हवेत छापलेले कापड लवकर सुकतही नाही, म्हणून त्या दिवसांत छपाईचा हट्ट न धरता कागदावर डिझाइन कर आणि वस्तूंची जुनी पाने दुरुस्त कर. दिवाळीसाठी कोणता माल किती करायचा हे गणपती बसण्यापूर्वी नक्की झालेले असावे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत नवे काहीही हाती घेऊ नकोस, सकाळचा वेळही पॅकिंगला दे आणि अमुक तारखेनंतरच्या ऑर्डर दिवाळीनंतर पोचतील हे वेबसाइटवर आधीच लिहून ठेव. भाऊबीज झाली की आठ दिवस दुकान खरोखर बंद ठेव, पुन्हा उघडण्याची तारीख कळवून. त्यानंतर सकाळी आठची बैठक पुन्हा सुरू कर. पहिल्या आठवड्यात एकच ओढणी घे आणि तिचा काठ पुरा झाल्याशिवाय दुसऱ्या कागदाला हात लावू नकोस.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका