मेमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातोय. आपल्या पोटाला सवय असते, मग पाण्याचं इतकं टेन्शन घ्यायचं का?

पुण्यातले आठ जण बेस कॅम्पला चाललात, बरोबर टीडीएस मीटर घेताय, आणि बाटलीबंद पाणी बरं की फिल्टर, फिल्टर घ्यायचा तर कुठला, असं विचारलंय. तेवढंच असतं तर मी पुढे गेलो असतो. पण 'तसं आपल्या पोटाला सवय असतेच' असं शेवटी जे टाकलंय ना, त्यामुळे लिहायला बसलो.

कसली सवय? घरात आरओ, ऑफिसात जार, गाडीत सीलबंद बाटली, पाणीपुरी खायची तीही 'मिनरल वॉटर'ची पाटी बघून. लहानपणी ओढ्याचं पाणी प्यायलेलं चाळिशीत कामाला येत नाही. जुलाब करणाऱ्या ई-कोलायच्या काही प्रकारांशी रोजचा संबंध येणाऱ्या माणसाला त्यांच्यापासून थोडंफार संरक्षण मिळतं, हे खरं. संबंध तुटला की तेही ओसरतं. आणि जिआर्डिया हा परजीवी, नोरोव्हायरस हा विषाणू, यांना तुमचा पासपोर्ट कुठला, याच्याशी देणंघेणं नाही.

टीडीएस मीटर घरी ठेवा. तो पाण्यातून वीज किती वाहते हे मोजून क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला दिसत नाहीत. वाटेवरच्या दूधकोशी नदीला मिळणाऱ्या झऱ्याचं पाणी म्हणजे वितळलेला बर्फ, क्षार नावाला. आकडा तीस येतो आणि मीटरवाला खूश होतो. शंभर पावलं वर खेचरांचा तांडा त्याच पाण्यात उभा असतो, ते मीटर सांगत नाही. सहाशे टीडीएसचं बोअरचं पाणी पिऊन माणूस ठणठणीत राहतो आणि तीसवाल्याने आडवा होतो.

आता पाणी. दुसरा लाडका गैरसमज असा, की वर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून उकळून उपयोग नाही. नामचे बाजारला, म्हणजे 3440 मीटरवर, पाणी साधारण 88-89 अंशांना उकळतं, बेस कॅम्पच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाला, गोरक्षेपला, 83 च्या आसपास. पोटाचे जंतू, विषाणू, जिआर्डियासारखे परजीवी सत्तरच्या वर फार टिकत नाहीत. 2000 मीटरच्या वर खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं धरा, विषय संपला. डाळ शिजायला कुकर लागतो, जंतू मारायला लागत नाही.

गडबड होते ती शब्दात. लॉजवर तुम्ही 'तातो पानी' मागता. तातो म्हणजे गरम. ते सौर चुलीवर कोमट केलेलं असू शकतं, किंवा उकळी यायच्या आधीच थर्मासमध्ये ओतलेलं. मागायचं 'उमालेको पानी', म्हणजे उकळलेलं. शक्यतो स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून किटलीत बुडबुडे बघायचे. रात्री भरून घेतलं की झोपताना शेक मिळतो आणि सकाळी प्यायला पाणी.

फिल्टर कुठल्या कंपनीचा ते तुम्ही बघा. पोकळ तंतूंचा, 0.1 किंवा 0.2 मायक्रॉनचा हवा. तो जीवाणू आणि परजीवी अडवतो. विषाणू मात्र त्याहून बारीक, ते आरपार जातात. म्हणून वर क्लोरीनची गोळी. गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते त्यातलंच हे क्लोरीन, मापात बांधलेलं. क्रम महत्त्वाचा: गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा, मग फिल्टर, मग गोळी. गाळ राहिला तर क्लोरीन त्याच्यातच खर्च होतं. गोळी एक लिटरची की वीस लिटरची, ते पाकिटावर वाचा, आपल्याकडे दोन्ही मिळतात. साध्या पाण्यात अर्धा तास, बर्फगार पाण्यात एक तास.

फिल्टर एकदा ओला झाला की रात्री उघड्यावर ठेवायचा नाही. आत पाणी गोठलं तर तंतूंना चिरा जातात. बाहेरून काही दिसत नाही, पाणी येत राहतं, उलट जरा जास्तच सोपं येतं. स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

आणि बाटलीचे आटे. नव्वद टक्के लोक इथे चुकतात, असं माझं ठाम मत आहे. झऱ्यात बाटली बुडवून भरली, गोळी टाकली, झाकण घट्ट केलं. आतलं पाणी तासाभराने स्वच्छ होतं, पण आट्यांमध्ये आणि झाकणाच्या आत अडकलेलं पाणी तसंच कच्चं राहतं, आणि ओठ नेमके तिथेच लागतात. गोळी विरघळली की झाकण अर्धा आटा सैल करायचं, बाटली उलटी धरायची, थोडं पाणी आट्यांतून झिरपू द्यायचं, परत घट्ट करायचं आणि घड्याळ तिथून लावायचं. लिंबाची पावडर, व्हिटॅमिन सीची फसफसणारी गोळी वगैरे वेळ पूर्ण झाल्यावरच. व्हिटॅमिन सी क्लोरीन मारतं, त्यामुळे आधी टाकलं तर तुम्ही झऱ्याचं पाणी सरबत करून पिताय.

बाटलीबंद चालतं, सील बघून. फक्त उंची वाढते तशी किंमत वाढते आणि रिकामी बाटली डोंगरातच राहते. पण बाटलीबंद म्हणजे सुटलो, असं समजू नका, कारण आमच्या गटात झालं ते पाण्यामुळे झालंच नव्हतं.

बारा जण होते. औषधांचा डबा माझ्याकडे होता, म्हणून कोणाला कधी काय झालं ते वहीत आहे. नामचेला दुसऱ्या रात्री दोघांना उलट्या आणि जुलाब, दुसऱ्या दिवशी आणखी तीन, पुढे तेंगबोचे गावाला पोचेपर्यंत एकूण सात. त्यातले चार फक्त सीलबंद पाणी पीत होते. गटप्रमुख काका त्यातलेच एक, आणि त्यांनी निदान करून टाकलं: 'हवा विरळ आहे ना, पोट बिघडणारच.' पण सातांत साम्य एकच होतं. काकांनीच आणलेली पातळ पोह्यांच्या चिवड्याची दोन किलोची पिशवी. प्रत्येक थांब्यावर ती फिरायची आणि खाणारा प्रत्येक जण आत मूठ घालायचा. नळाला पाणी नाही, संडासाच्या पिंपात बर्फाचा पापुद्रा, साबण सॅकच्या तळाशी, म्हणून सगळे सॅनिटायझरवर. अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही, परजीवींच्या कवचावर तर नाहीच. हात साबणाने वीस सेकंद चोळून वाहत्या पाण्याखालीच धुवावे लागतात. चिवडा न खाणारे पाच जण ठीक होते. त्यातल्या एकाला तो तिखट लागला होता म्हणून वाचला.

काका आजही ग्रुपवर 'तो हवेचा परिणाम' असंच लिहितात. काका, उंचीमुळे डोकं दुखतं, भूक मरते, मळमळतं, उलटीही होते. जुलाब लागत नाहीत. जुलाब लागले तर काहीतरी पोटात गेलंय. तुम्ही आठ जण असाल तर आठ छोट्या पिशव्या न्या, किंवा एकाने धरायची आणि बाकीच्यांच्या तळहातावर ओतायची. आत हात कोणाचाही नाही, गटप्रमुखाचाही नाही.

जेवणात डाळ-भात घ्या, समोर वाफ निघत असलेला. सोबतच्या कच्च्या मुळा-कांद्याला हात लावू नका. मोमो वाफवलेला असतो, त्याचं भय नाही. भय त्या शेजारच्या वाटीचं. टोमॅटो आणि टिमूर (तिरफळासारखा मसाला) यांची चटणी सकाळी वाटलेली, कच्च्या पाण्याने सैल केलेली, दुपारपर्यंत उघडी. लोक मोमोला नावं ठेवतात आणि चटणी दुसऱ्यांदा मागतात. नामचेच्या वर मांस नको. खुंबूमध्ये, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, धार्मिक कारणाने प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर चढतं, कित्येकदा दिवसचे दिवस, फ्रिजशिवाय. काठमांडूत पाणीपुरीचा मोह आवरा. तिथल्या खोऱ्यात जून 2022 मध्ये कॉलराचे रुग्ण सापडल्यावर ललितपूर महानगरपालिकेने पाणीपुरीच्या विक्रीवरच बंदी आणली होती. दात घासायलाही नळाचं पाणी नको.

तुम्ही मेमध्ये जाताय म्हणून सायक्लोस्पोरा या परजीवीबद्दल सांगतो. नेपाळमध्ये याचा हंगाम मेपासून पावसाळाभर असतो. 1989 च्या सुमारास काठमांडूतल्या परदेशी लोकांमध्ये लांबलेल्या जुलाबांचं कारण शोधताना तो ध्यानात आला, आणि आधी ते एक प्रकारचं निळं-हिरवं शेवाळ वाटलं होतं. क्लोरीनने तो मरत नाही, फिल्टर अडवतो, उकळणं मारतं. पोटात गेल्यावर साधारण आठवड्याने लक्षणं दिसतात, म्हणजे कदाचित तुम्ही पुण्यात परतल्यावर. मग दोष मिसळीला जातो. अंगात त्राण नाही, भूक नाही, जुलाब थांबतात आणि परत सुरू होतात, असं असेल तर डॉक्टरांना 'नेपाळ' हा शब्द आवर्जून सांगा, कारण याला को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फा असलेलं अँटिबायोटिक लागतं आणि नेहमीच्या तपासणीत तो सुटू शकतो.

त्यावरून आठवलं, आपल्याकडे जुलाब म्हटलं की नॉरफ्लॉक्स-टीझेड गिळायची जी सवय आहे, ती सोडा. या भागात त्या गटातल्या औषधांना बरेच जीवाणू दाद देत नाहीत, आणि विषाणूवर तर ते चालतच नाही. अँटिबायोटिक न्यायचंच तर जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, कधी घ्यायचं तेही त्यांनाच विचारा. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर जुलाब रोखणारं लोपरामाइड घेऊ नका.

ओआरएस मात्र प्रत्येकाकडे हवं. तिथल्या दुकानात 'जीवनजल' मागा. साधारण 21 ग्रॅमचं मोठं पाकीट एका लिटरला, चार-साडेचार ग्रॅमचं छोटं 200 मिलीला. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळलं तर ते इतकं खारट-गोड होतं की जुलाब वाढू शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. गोड ज्यूसच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, ते ओआरएस नाही. जुलाबाने पाणी कमी झालं की डोकं दुखतं आणि माणूस त्याला उंचीचा त्रास समजतो. उलटही होतं. दोन्हीचा संशय असेल तर वर चढायचं नाही, एवढं पक्कं.

हे सगळं धडधाकट मोठ्या माणसांसाठी लिहिलंय. आठात कोणी गरोदर असेल तर कावीळ ई (हिपॅटायटिस ई) हा वेगळाच धोका आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आणि को-ट्रायमॉक्साझोल दोन्हींबद्दल विचारावं. टायफॉइड आणि कावीळ ए ची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. टायफॉइडची लस पॅराटायफॉइडला चालत नाही, त्यामुळे ती घेतली म्हणून चटणी खायची नाही.