ग्रामपंचायतीत फायबर आली, मग माझ्या घरी नेट का नाही?

कारण २०११ साली मंजूर झालेली, गावोगावी फायबर केबलने इंटरनेट नेण्याची सरकारी योजना, म्हणजे आताचं भारतनेट, मुळात ग्रामपंचायतीपर्यंतच होती. तिथून तुमच्या घरापर्यंतची तार कोणी ओढायची, हे लोंबकळतच राहिलं. त्यात केबल एकेरी. रस्ता रुंद करताना जेसीबीने तोडली की पुढची गावं बंद. आमच्याकडे तर केबल शाबूत होती, पण ग्रामपंचायतीत ज्या कपाटात नेटचा डबा ठेवलाय, त्या डब्याची बॅटरी मेलेली आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो शेतावर! २०२३च्या सुधारित योजनेत केबल रिंगमध्ये टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून नेट चालू राहील. घरची जोडणी ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून नेमलेला स्थानिक माणूस देतो. तेव्हा ग्रामसेवकांना आधी एवढंच विचारा, आपल्या गावासाठी उद्यमी कोण आहे?