कॉलेजच्या प्रकल्पासाठी वरच्या हवेतल्या वाऱ्यांचं अ‍ॅनिमेशन कशात करावं? आणि त्यावरून बेळगाव भागातला पाऊस सांगता येतो का?

पावसाचं आधी सांगून टाकतो: नाही येत. नलस्कूल ह्या वाऱ्यांचा हलता नकाशा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर 250 हेक्टोपास्कलचा थर लावून बघा (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं माप, आकडा जितका कमी तितकी उंची जास्त). घाटमाथ्यावरचं कणकुंबी आणि पूर्वेकडचं अथणी, दोन्हींवरून जवळपास एकच वारं जाताना दिसेल. कणकुंबीत पावसाळाभर छत्री मिटत नाही आणि अथणीवाला आभाळाकडे बघत बसतो. हा फरक सह्याद्री करतो, 10-11 किलोमीटरवरचं वारं नाही. शिवाय त्या नकाशामागचं जीएफएस हे अमेरिकेचं हवामान-अंदाजाचं मॉडेल पाव अंशाच्या जाळीवर मिळतं, म्हणजे एक चौकट साधारण 27 किलोमीटरची. बेळगाव आणि खानापूर जेमतेम दोन चौकटींत.

आता अ‍ॅनिमेशन. ह्या शब्दानं माझं डोकं उठतं, कारण सांगतो.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या दोन पोरींनी जुलै महिन्याच्या सरासरी वाऱ्याचे दोन नकाशे केले. माहिती ईआरए5 ची, म्हणजे जुन्या नोंदी आणि मॉडेल मिळून केलेल्या युरोपीय हवामान-साठ्याची, नकाशे मी कॉम्प्युटरवर काढून दिले, पण बाण, रंग, कन्नड-मराठी नावं सगळं त्यांनी हातानं केलं. एक तक्ता 850 हेक्टोपास्कलचा, म्हणजे दीडेक किलोमीटर उंचीचा, दुसरा 150 चा, म्हणजे 14 किलोमीटरच्या आसपासचा. खालच्या तक्त्यात बाण अरबी समुद्राकडून आत येणारे. वरच्यात बरोबर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्यातली एक तर येईल त्याला सांगत होती, "खालचं वारं गोव्याकडून येतंय, वरचं मद्रासकडून."

परीक्षक आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सर, बाण उलटे काढलेत की. मान्सून नैऋत्येकडून येतो, एवढं तरी शिकवा पोरांना."

मी म्हटलं, सर, वर उंची लिहिली आहे बघा. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं, त्यावरची हवा उंचावर जास्त दाबाची होते, आणि त्या दाबाच्या दक्षिण अंगानं आपल्या डोक्यावरून पूर्वेचा झोत वाहतो, जुलै-ऑगस्टात ताशी 100 किलोमीटरच्या वर. पी. कोटेश्वरम् ह्या आपल्याच हवामानशास्त्रज्ञानं 1958 मध्ये त्यावर लेख लिहिलाय. ते ऐकून घेतात कुठले! "मॉडेल हलत पण नाही" म्हणून पुढे गेले. पहिला नंबर कुणाला? खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीला. तो फसफसला ना!

म्हणून म्हणतो, हलणाऱ्या चित्रामागं लागू नका. नलस्कूलचा गोल सुंदर आहे, कॅमेरॉन बेकारिओनं 2013 मध्ये केला, मी पण तासन्‌तास बघतो. पण ते पळणारे कण कुणी मोजलेले नाहीत. वरचं वारं मोजणारे फुगे जगभर बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा सुटतात, आपल्याकडच्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. मधलं सगळं उपग्रह, विमानं आणि मॉडेल मिळून भरतात. आणि गंमत म्हणजे त्या गोलावर 250 नंतर थेट 70 चा थर येतो. पूर्वेच्या झोताचा गाभा 150 ते 100 च्या दरम्यान, तो मधल्यामधे गळतो. विंडी ह्या तसल्याच दुसऱ्या संकेतस्थळावर 150 मिळतो, तिथं बघा.

त्यापेक्षा एकच जागा धरा, समजा बेळगाव. आडव्या अक्षावर मे ते सप्टेंबरचे दिवस, उभ्यावर उंची, आणि पूर्व-पश्चिम वारं दोन रंगांत. पश्चिमेचं वारं खालून कसं जाड होत जातं आणि वर पूर्वेचं कसं बसतं, हे एका कागदावर दिसतं. केरळात मान्सून आला म्हणून जाहीर करताना हवामान खातंसुद्धा पश्चिमी वारं 600 हेक्टोपास्कलपर्यंत भरलंय का ते बघतं. तुमच्या परीक्षकाला हे सांगा. नाही पटलं तर परत सांगा.

रंग दोनच ठेवा, मध्ये पांढरा. इंद्रधनुष्य नको, पिवळा पट्टा उगीचच वारं वाढल्यासारखं भासवतो. उंची मोठ्या अक्षरात, किलोमीटरमध्ये लिहा. हेक्टोपास्कल कुणी वाचत नाही, हे मी बघितलंय.

हां, बेळगाव सुमारे 750 मीटरवर आहे. म्हणजे 1000 हेक्टोपास्कलचा थर आपल्या पायाखाली जमिनीत, 925 चा जमिनीला टेकलेला. तिथले आकडे मॉडेलनं कल्पून भरलेले असतात, आलेखात ते करडे करून टाका.

सॉफ्टवेअर म्हणाल तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, त्यात नकाशांसाठी कार्टोपाय आणि हवामानाच्या आकड्यांसाठी मेटपाय, दोन्ही फुकट. ईआरए5 साठी कोपर्निकस ह्या युरोपीय संकेतस्थळावर खातं काढावं लागतं. आणि तुमच्या कॉलेजनं अ‍ॅनिमेशनच पाहिजे असं लिहून दिलं असेल तर करा बापडे, मार्क त्यांच्या हातात आहेत. पण त्यात 150 चा थर घ्याच.